मोमीन चाचा आणि रास्ता रोकोचं बटण

मोमीन चाचा ई-मेल बोटांनी वाचायचे. डोळे होतेच, चष्मा होता, चष्म्यावर धरायला एक घडीचं भिंगही होतं. पण उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी स्क्रीनवरच्या ओळीवरून अशी सरकत जायची, की ती ओळ त्यांनी चिमटीत धरली आहे असं वाटावं. मधेच बोटं थांबायची. "इथं गाठ हाय," ते म्हणायचे. मग आम्ही सगळे आपापली कामं टाकून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहायचो, कारण त्या गाठीवर आमच्या नऊ जणांच्या नोकऱ्या अवलंबून होत्या.

त्यांचा मॉनिटर कायम ठशांनी भरलेला असायचा. मी दर सोमवारी तो पुसायचे. एकदा म्हणाले, "पगारे मॅडम, इतका साफ नका करू. शुक्रवारी कुठपर्यंत आलो होतो, ते पुसून जातं."

मला आयुष्यात 'मॅडम' म्हणणारा तो पहिला माणूस. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि ही माझी पहिली नोकरी होती. मी नांदगावची. वडिलांचं तिथं स्टेशनजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घरात पदवीचं पहिलं प्रमाणपत्र आलं तेव्हा ते कुठल्या भिंतीवर लावायचं यावर दोन दिवस चर्चा झाली होती. ऑफिसात मात्र इंग्रजी सुरू झालं की मी नुसती हसायचे. सगळे मला 'प्रज्ञा' म्हणायचे, आणि आमचा प्रोग्रामर गांगुर्डे 'ए टेस्टर' म्हणायचा. मोमीन चाचा बासष्ट वर्षांचे. मी एकदा म्हटलं, "चाचा, मला मॅडम कशाला म्हणता?" त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "तुम्ही पास केल्याबिगर खेळ पुढं जात नाय. मग मॅडमच की."

आमची कंपनी म्हणजे नाशिकला गंगापूर रोडवर एका मेडिकल दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. मालक निखिल सर, पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांच्या घरातले, पुण्यातली नोकरी सोडून आलेले. आम्ही मोबाईलवरचा शेतीचा खेळ तयार केला होता, 'वावर' नावाचा. त्यात कांदा लावायचा, पाणी द्यायचं, कांदाचाळीत साठवायचा आणि बाजार समितीत नेऊन विकायचा. खेळ चांगला होता, पण आपल्याकडे चालला नाही. सरांच्या वडिलांनी तो पाच मिनिटं खेळून परत दिला होता. म्हणाले होते, "ज्याला वावर हाय त्यो मोबाईलमध्ये कशाला कांदा लावील, आन ज्याला नाय त्याला काय पडलंय."

चीनमध्ये मात्र शहरातल्या लोकांना असे खेळ फार आवडतात, असं सरांना कळलं. हांगझोऊ शहरातली एक कंपनी 'वावर' तिकडे आणायला तयारही झाली. पण तिथं परदेशी खेळ असा उचलून दुकानात ठेवता येत नाही. तिथल्या कंपनीनं तो आधी स्वतः तपासायचा, जे चालणार नाही ते काढायला लावायचं, मग सरकारकडे पाठवायचा. सरकारनं मंजुरीचा नंबर दिला तर खेळ बाजारात येणार. नंबर आला तर कंपनी चालेल, नाही आला तर दिवाळीनंतर कुलूप, असं सरांनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं. माझ्या वडिलांनी या नोकरीचे पेढे स्टेशनवरच्या हमालांनाही वाटले होते. त्यामुळे त्या दिवसापासून मी तो खेळ बारावीच्या अभ्यासासारखा तपासायला लागले.

चिनी कंपनीचा पहिला ई-मेल चौदा पानांचा होता. तो भाषांतराच्या यंत्रात घातला, तर 'आपल्या भोपळ्याविषयी संबंधितांना चिंता आहे' अशी वाक्यं बाहेर आली. शेवटी सरांनी पेपरात जाहिरात दिली, चिनी लिहिता-वाचता येणारा माणूस पाहिजे. तीन जण आले. पहिला चायनीजच्या गाडीवर काम करत होता. दुसऱ्याला कराटे येत होतं. तिसरे मोमीन चाचा.

पांढरा झब्बा, पायजमा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत थर्मास. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी खुर्चीचं कापड अंगठ्यानं तपासलं.

"चिनी कुठं शिकलात?" सरांनी विचारलं.

"नूडलच्या दुकानात."

सर कराटेवाल्याला परत बोलवावं का, अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघायला लागले. पण ते खरं होतं. चाचा येवल्याचे, घरात तीन पिढ्यांचे पैठणीचे माग. ते स्वतः मागावर बसले नाहीत. त्यांच्या बोटांना धाग्यातली उणीव कळते म्हणून एका रेशीम व्यापाऱ्यानं त्यांना सूत निवडायला चीनला पाठवायला सुरुवात केली. वर्षातून दोन खेपा, अशी बरीच वर्षं. तिकडे खाण्याचे हाल. शेवटी बाजाराच्या मागे एक मुसलमान नूडलवाला सापडला. त्याच्या दुकानात दोन्ही वेळा जेवायचं आणि तो भिंतीवरच्या पाटीतलं एकेक अक्षर शिकवायचा. पाटी संपली तेव्हा त्यानं वर्तमानपत्र काढलं. पुढे व्यापारी सुताचे फोटो मोबाईलवर मागवायला लागला आणि चाचांची बोटं रिकामी झाली.

सरांनी चौदा पानं त्यांच्यासमोर ठेवली. चाचांनी गठ्ठा उलटा केला आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं. आम्ही वाट बघत बसलो. अर्ध्या तासानं मान वर करून म्हणाले, "ही बाई घाबरलेली हाय."

"लिहिलंय काय पण?"

"लिहिलंय की बुजगावणं काढा, भोपळा काढा, लिलाव काढा. पण घाबरलेली हाय."

सरांनी त्यांना त्याच दिवशी ठेवून घेतलं.

ती बाई म्हणजे शेन बाई. चिनी कंपनीत आमचा खेळ तपासण्याचं काम तिच्याकडे होतं. सरांना आधी वाटत होतं की तिच्याकडे चालत नाही अशा गोष्टींची एखादी छापील यादी असेल, ती एकदा मिळवली की झालं. चाचांनी महिनाभर पत्रव्यवहार केला आणि मग चहाच्या वेळी आम्हाला समजावून सांगितलं. काही नियम लेखी आहेत. रक्त नको, सांगाडे नकोत, जुगार नको. पण बाकीची यादी कुणाकडेच नाही. "सरकारनं सांगितलंय, वाईट काय नको. आता वाईट म्हणजे काय, ते वरच्यानं खालच्याला सांगायचं नाय, खालच्यानं वळखायचं. मग खालचा काय करतो? दोन हात जास्तीच कापतो. सासूला काय आवडत नाय ते माहीत नसलं की नवी सून मीठच घालत नाय, तसं."

आम्ही चहा पीत होतो. चाचा चहा प्यायचे नाहीत. चीनमधून त्यांनी एक सवय आणली होती, दिवसभर नुसतं गरम पाणी प्यायची. थंड पाणी म्हणजे पोटावर जुलूम, असं त्यांचं मत. खालचा चहावाला थर्मास भरून द्यायचा, पण त्याला तो अपमान वाटायचा. रोज म्हणायचा, "चाचा, निदान पत्ती तरी दाखवू का पाण्याला?"

बुजगावण्याचं प्रकरण तीन आठवडे चाललं. आमच्या बुजगावण्याचं डोकं मडक्याचं होतं, चुन्यानं डोळे काढलेलं, जसं असतं तसं. शेन बाईला ते कवटीसारखं वाटलं. गांगुर्डेनं मडक्याला टोपी घातली. तिनं लिहिलं, आता टोपी घातलेली कवटी वाटते. त्याला मिशा काढल्या, गॉगल लावला. शेवटी चाचांनी विचारलं, "बुजगावणं कुणाला भ्यायला लावतं? पाखरांना ना? मग माणसं का भितात? माणूसच काढून टाका, नुसता सदरा वाळत घाला." काठीवर एक निळा सदरा टांगला आणि मंजुरी आली. आमच्या खेळातली पाखरं अजून त्या सदऱ्याला घाबरतात.

दुसरा पेच नकाशाचा. खेळ सुरू होताना पृथ्वीचा गोल फिरत यायचा आणि आपल्या भागावर थांबायचा. शेन बाईनं कळवलं, सीमारेषा चीनच्या नकाशाप्रमाणे काढा. निखिल सर खुर्चीतून उठलेच. तशी रेघ काढली तर आपल्याकडे गुन्हा, आणि आपली ठेवली तर नंबर नाही. दोन दिवस सर वकिलाला फोन करत होते. चाचा गोल फिरताना नुसते बघत बसले. मग म्हणाले, "साहेब, कांद्याचा खेळ हाय. पृथ्वी लागतीच कशाला?"

पृथ्वीच्या जागी कांदा आला. तो तसाच फिरत येतो, थांबतो आणि त्याची साल उलगडून आत वावर दिसतं. शेन बाईनं उत्तरात पहिल्यांदाच कामाव्यतिरिक्त एक ओळ लिहिली, कांदा पृथ्वीपेक्षा चांगला दिसतो.

तिचा आणि चाचांचा पत्रव्यवहार हा एक वेगळाच प्रकार होता. आपलं मेसेजचं ॲप तिकडे बंद, त्यांचं आपल्या सरकारनं इकडे बंद केलेलं. गप्पा अशा मारताच येत नसत. राहिला ई-मेल, आणि फारच अडलं तर साधा आंतरराष्ट्रीय फोन. चाचा म्हणायचे, "भिंत त्यांच्याकडं हाय म्हणून हसत होतो. आपण दार लावलं, ते माझ्या ध्यानातच नाय आलं." शिवाय चाचांची चिनी भाषा पक्की होती, पण रेशमापुरती. खेळातल्या चुकीला ते गाठ लिहायचे, नव्या आवृत्तीला नवा ताणा, आणि खेळ अडकत अडकत चालत असला तर सूत ओलं आहे असं. शेन बाईनं आधी खुलासा मागितला. मग हळूहळू तीही तसंच लिहायला लागली. एकदा तिनं सांगितलं, की तुम्ही अगदी माझ्या आजोबांसारखं बोलता. चाचा दिवसभर खूश होते. संध्याकाळी ई-मेल परत वाचताना त्यांच्या लक्षात आलं की तिचे आजोबा वारले आहेत.

तिकडच्या आणखी एका नियमानं तर चाचांच्या घरात गोंधळ केला. चीनमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना फक्त शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी रात्री आठ ते नऊ इतकाच वेळ मोबाईलवर खेळता येतं, सुट्टीचे दिवस सोडले तर. तो नियम आमच्या खेळात घालायचा होता. चाचांनी तो कौतुकानं घरी सांगितला. ते आठवडाभर नाशिकला वडाळ्यात मुलाकडे राहायचे आणि शनिवारी येवल्याला जायचे. सोमवारी ऑफिसात आले ते तोंड पाडून.

"काय झालं चाचा?"

"सूनबाईला नियम आवडला. नातवाला लावला."

"मग चांगलं झालं की."

"पोरगा म्हणला, दादाजी पण दिवसभर मोबाईलमधी चिनी पेपर वाचतात. आता मला पण शुक्र, शनि, रवि, आठ ते नऊ. आन शनिवारी मी येवल्याला असतो, तो वाया."

अशा एकेक गोष्टी कापत, बदलत आम्ही दिवाळीच्या दोन महिने आधीपर्यंत आलो. पंचवीस मुद्द्यांपैकी एकच उरला होता. तो शेन बाईनं ई-मेलच्या अगदी शेवटी एका ओळीत लिहिला होता, 'लाल बटणाविषयी कृपया फोनवर बोलू.'

चाचांची बोटं त्या ओळीवर थांबली. "हे तिनं लिहिलंच नाय. लिहायची पण भीती वाटली. कसलं हे लाल बटण?"

मी त्यांना बटण दाखवलं. खेळात कांद्याचा भाव फारच पडला की कोपऱ्यात एक लाल बटण यायचं, त्यावर लिहिलेलं असायचं, 'रास्ता रोको'. ते दाबलं की ट्रॅक्टर-ट्रॉल्या हायवेवर यायच्या, कांदे रस्त्यावर ओतले जायचे, पन्नास माणसं मधोमध बसायची, गाड्यांची रांग लागायची, तहसीलदारांची जीप यायची, ते निवेदन घ्यायचे आणि भाव थोडा वर जायचा. गांगुर्डे चांदवडचा. त्यानं ते पेपरातले फोटो समोर ठेवून इतकं हुबेहूब काढलं होतं, की माणसांच्या टोप्याही वेगवेगळ्या होत्या. आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. कांदा म्हटला की लावणी, काढणी, चाळ, लिलाव आणि रास्ता रोको, हे आमच्या डोक्यात एका ओळीतच बसलेलं. मी स्वतः ते बटण चाळीस वेळा तपासलं होतं आणि अहवालात लिहिलं होतं, 'जीप कांद्यांवरून जाते. बाकी ठीक.'

चाचांनी शेन बाईला फोन लावला. फोनवर ते नेहमी उभं राहून बोलायचे, मोठ्यानं. वीस मिनिटांनी घाम पुसत बसले.

"काय म्हणते?"

"तिकडं लोक असे गोळा होऊन रस्त्यात बसलेले दाखवणं म्हणजे लय वाईट. खेळ तर जाईलच, तिची नोकरी पण जाईल. ह्या गोष्टीला चिनी भाषेत शब्द हाय. तिनं वापरला नाय, मी पण वापरला नाय. दोघं वीस मिनिटं त्याच्याबद्दलच बोललो."

सर म्हणाले, "मग काढून टाका बटण."

गांगुर्डे उठून उभा राहिला. "सर, बटण काढल्यावर भाव पडला तर माणसानं करायचं काय? नुसतं बघत बसायचं?" शिवाय भाव परत वर आणायचा सगळा हिशोब त्या बटणावर बेतलेला होता. बटण काढायचं तर अर्धा खेळ नव्यानं बांधायचा, आणि तेवढे महिने आमच्याकडे नव्हते.

चाचा गरम पाणी प्यायले. म्हणाले, "माणसं तीच ठेवा. ट्रॅक्टर तोच ठेवा. नवरदेव आणा."

"कशाला?"

"वरात करा."

मग गांगुर्डे हळू आवाजात म्हणाला, "चाचा, नवरदेव ट्रॅक्टरवर?"

"आमच्याकडं जेसीबीवर येतात."

पुढचा आठवडा आमच्या ऑफिसात लग्नघर होतं. तहसीलदारांचे मुलीचे मामा झाले. निवेदनाची पत्रिका झाली. गाड्यांची रांग वऱ्हाडाची झाली. रस्त्यावर बसलेल्यांच्या समोर पत्रावळ्या ठेवल्या. ओतलेल्या कांद्यांचं काय करायचं कळेना, तेव्हा चाचांनीच सुचवलं, की अक्षता म्हणून सांगू, कांद्याच्या जिल्ह्यात अशीच पद्धत आहे. आणि वरात निघाल्यावर भाव वाढतो तो का, तर लग्नसराईत कांद्याला मागणी असतेच. सगळं इतकं बेमालूम बसलं की निखिल सर कित्येक महिन्यांनी पोट धरून हसले. बटणाचा रंगही हिरवा केला.

हसले नाहीत ते फक्त चाचा. डबा उघडून भाकरी समोर ठेवून बसले होते. मी विचारलं, तर म्हणाले, "जोड लय बारीक बसला, मॅडम. मागावर तुटलेला धागा जोडला तर साडीच्या उलट्या बाजूनं तरी दिसतो. ह्याची उलटी बाजू पण साफ झाली."

तीन-चार दिवसांनी शेन बाईचा ई-मेल आला. ती खूश होती. तिनं त्यांच्या कंपनीच्या समितीला स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं, की ही भारतातल्या लग्नाची प्रथा असून मी खात्री करून घेतली आहे. आता समिती फक्त एकदा व्हिडिओवर बोलेल आणि फाईल सरकारकडे जाईल.

चाचांनी ती ओळ दोनदा चिमटीत धरली. मग मला म्हणाले, "मॅडम, जरा ते कांद्याच्या रास्ता रोकोचे फोटो काढा बघू."

मी काढले. स्क्रीनभर फोटो आले. तोच हायवे, तेच ट्रॅक्टर, त्याच टोप्या. एका फोटोतला बसलेला माणूस तर आमच्या वरातीत जसाच्या तसा पत्रावळीपुढे बसला होता.

"हे तिकडं दिसतं?"

"बऱ्याच साइट तिकडे बंद आहेत. पण चाचा, फोटो कुठून तरी जातोच."

"आन गेला, तर सही कुणाची हाय? साहेबांची नाय. माझी नाय." त्यांनी फोटोतल्या बसलेल्या माणसावर अंगठा ठेवला. "रेशमाच्या धंद्यात मी रग्गड खोटं बोललो. पण आपल्या जिवावर. दुसऱ्याच्या सहीवर नाय."

समितीच्या दिवशी ते सरांच्या केबिनमध्ये गेले आणि हेच बोलले. दार उघडं होतं. सर म्हणाले, "चाचा, फक्त आजचा दिवस. नऊ घरं आहेत." चाचा म्हणाले, "मोजलीत मी. दहा हायत." सर घड्याळ बघत उठले, आणि सगळं ठरलं असं समजले.

व्हिडिओवर समोर तीन पुरुष आणि कडेला शेन बाई. आम्ही तिला पहिल्यांदाच पाहिलं. तिशीची असेल, बारीक, केस मागे घट्ट बांधलेले. मधला म्हातारा काहीतरी बोलला. चाचांनी आम्हाला सांगितलं, "विचारतोय, लग्नाचे पाहुणे हायवेवर खाली का बसलेत."

मग चाचांनी घोटभर पाणी पिऊन बोलायला सुरुवात केली. चार-पाच मिनिटं एकटेच बोलत होते. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. सरांना वाटलं, लग्नाचं वर्णन चाललंय. ते प्रत्येक वाक्याला हसून मान डोलावत होते. मागे उभ्या असलेल्या गांगुर्डेनं तर मदत म्हणून गळ्यात हार घालायची खूण करून दाखवली. मी मात्र शेन बाईकडे बघत होते. तिनं आधी मान वर केली, मग खाली घातली, आणि शेवटी नुसती चाचांकडे बघत राहिली.

म्हाताऱ्यानं एक प्रश्न विचारला. चाचांनी दोन शब्दांत उत्तर दिलं. म्हाताऱ्यानं आणखी दोन शब्द उच्चारले आणि स्क्रीन काळी झाली.

"छान झालं," सर म्हणाले. "काय ठरलं?"

"मी सांगितलं, लग्न नाय. भाव पडला की शेतकरी रस्ता अडवतात, ते हाय. ह्या बाईला मी फसवलं, तिला काय ठाऊक नव्हतं, तिची चूक नाय. बटण काढून टाकतो."

सरांची मान अजून अर्धवट डोललेलीच होती. "आणि मी तिथं बसून—"

"तुम्ही मान हालवत होते. त्यामुळं बरं झालं. त्यांना वाटलं मालकाची मंजुरी हाय."

गांगुर्डेनं विचारलं, "त्या म्हाताऱ्यानं शेवटी काय विचारलं?"

"म्हणला, मग भाव वाढतो का? मी म्हणलो, कधी कधी. म्हणला, बटण काढा."

सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. खेळ परत आला, पहिल्या पानापासून सगळं नव्यानं सुरू झालं. आमच्यातले दोघं सोडून गेले. मी घरी काहीच सांगितलं नाही. दिवाळी आली आणि गेली. सरांनी वडिलांकडून पैसे आणले म्हणून कुलूप लागलं नाही, पण सर रोज संध्याकाळी दाराच्या कडीकडे बघूनच निघायचे.

चिनी कंपनीनं शेन बाईला काही केलं नाही. फसवली गेलेली कर्मचारी अशी तिची नोंद झाली, आणि चाचांची नोंद भरवसा नसलेला भाषांतरकार अशी. यापुढे या माणसाच्या हातचा कागद घेणार नाही, भाषांतर आमच्याच माणसाकडून करून घेऊ, असं त्यांनी कळवलं. ते पत्रही चाचांनीच आम्हाला वाचून दाखवलं, शेवटून सुरुवात करून, कुठंही आवाज न बदलता. वाचून झाल्यावर म्हणाले, "चांगलं लिहिलंय. ह्यात भीती नाय."

त्यांच्या निरोपाला सरांनी शाल आणली. भाषण करायला उभे राहिले आणि म्हणाले, "चाचांमुळे आपण वाचलो की बुडालो, हे अजून ठरलेलं नाही." चाचांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. शालीचं टोक अंगठ्यानं तपासून त्यांनी ती खांद्यावर घेतली, आणि सरांच्या कानात काहीतरी सांगितलं. सरांनी नंतर आम्हाला सांगितलं, "म्हणाले, शाल नायलॉनची आहे, पण मन राखायला रेशमाची म्हणून नेतो."

नंबर आला तो पुढच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी दुपारी. सरांनी जिन्यात उभं राहून मेडिकलवाल्याला मिठी मारली. मी त्या संध्याकाळी नांदगावला जायला सीबीएसच्या एसटी स्टँडवर आले, आणि येवल्याच्या गाडीत खिडकीशी मोमीन चाचा बसलेले दिसले. बातमी सांगायला मी धावतच गेले. ते फोनवर होते, चिनी बोलत होते, नेहमीसारखं मोठ्यानं. शेजारचा माणूस अंग चोरून त्यांच्याकडे बघत होता.

मला बघून त्यांनी फोनवर हात ठेवला. "नंबर आला ना? तिनंच सांगितलं. घराबाहेर येऊन साध्या फोनवरून बोलतीय." मग एकदम कामाचा आवाज काढला. "मॅडम, थांबा. ती विचारतीय, रस्ता अडवल्यावर ज्यांच्या गाड्या मधी अडकतात, त्या लोकांना पाणी कोण देतं?"

मी म्हटलं, "गावातलेच देतात. आणि ॲम्ब्युलन्स आली तर वाट करून देतात."

त्यांनी ते तिकडे सांगितलं. तिकडून आणखी काही विचारलं असावं, कारण ते परत उत्तर द्यायला लागले आणि मला विसरले. कंडक्टर आला. "चाचा, कुठं?" चाचांनी त्याला चिनीत उत्तर दिलं. कंडक्टर पंच हातात धरून तसाच उभा राहिला.

"येवला," मी खिडकीतून सांगितलं.

गाडी सुटली. चाचांच्या एका हातात फोन होता आणि दुसरा खिडकीतून दिसत होता. त्या हातानं ते आधी ट्रॉली उलटी करत होते. मग माणसं खाली बसवत होते. गाडी फाटकातून वळली तेव्हा तो हात कुणाला तरी तांब्या देत होता.